अठ्ठ्याऐंशी दिवसांचा उशीर

मित्रांनो, माझ्या तोंडावर ३१ डिसेंबर १९९१ ही तारीख आहे आणि ती आता कधीच बदलणार नाही. मी तारखेचा शिक्का आहे. सरकारी कचेरीत बाहेरून कागद आला की त्याच्या कोपऱ्यावर 'आवक' हा शब्द आणि खाली त्या दिवसाची तारीख उमटवायची, एवढेच माझे काम. काम सोपे होते. अवघड होती ती माझ्या भोवतालची माणसे.

माझा जन्म १९८० साली जळगावच्या बाजारपेठेतल्या एका बोळात झाला. सुकदेव नावाचा कारागीर तिथे शिक्के बनवायचा. त्याने लाकडाची मूठ घासून गुळगुळीत केली, लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात रबराचे तीन पट्टे ओवले. एक दिवसाचा, एक महिन्याचा, एक वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावर १९८० पासून १९९१ पर्यंतचे आकडे होते. मला न्यायला आलेल्या शिपायाला सुकदेव म्हणाला, "भाऊ, रोज सकाळी आधी पट्टा फिरवायचा, मग चहा प्यायचा. उलटं केलं का घोटाळा."

त्या शिपायाचे नाव निंबा. त्याने मला धुळ्याला नेले. ज्या कचेरीत मी गेलो तिचे नाव मी सांगणार नाही. सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलांचे कागदपत्र तिथे यायचे आणि तिथून वर जायचे, एवढे कळले तरी पुरे.

दोन वर्षांनी, म्हणजे १९८२ साली, प्रमिलाबाई त्या कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून आल्या. माहेर एरंडोलचे, अक्षर मोत्यासारखे, बोलणे मोजके. साडेदहाला येऊन पिशवी खुंटीला अडकवली की त्या पदराला टोचलेली टाचणी काढून माझा पट्टा फिरवायच्या, कोऱ्या कागदावर एक ठसा मारून पाहायच्या आणि मगच पहिल्या कागदाला हात लावायच्या. संध्याकाळी आवक वहीत शेवटच्या नोंदीखाली पट्टीने रेघ मारून दिवस बंद करायच्या. त्यांच्या हातात असताना मी कधी चुकलो नाही. साहेब एकदा म्हणाले होते, "या कचेरीत वेळेवर चालणाऱ्या दोनच गोष्टी आहेत. प्रमिलाबाई आणि त्यांचा शिक्का." मला फार बरे वाटले होते. पण नुसते माझ्या वेळेवर असण्याने काय होणार? ठसा मारला की कागद पुढच्या टेबलावर जायचा, आणि तिथून पुढे काय व्हायचे ते विचारू नका.

विचारू नका म्हटले, तरी सांगतोच. कारण तेच तर मला सांगायचे आहे.

खालच्या कोर्टात आरोपी निर्दोष सुटले आणि सरकारला ते पटले नाही, तर सरकार वरच्या कोर्टात अपील करते. त्याला मुदत असते नव्वद दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. मुदत टळली तर अपिलाबरोबर आणखी एक अर्ज जोडावा लागतो, विलंब माफीचा. उशीर का झाला, कोणत्या दिवशी कागद कुठे होता, ते त्यात सांगायचे असते. मी असे अर्ज किती पाहिले असतील, गणती नाही. सगळ्यांत कारण एकच, 'प्रशासकीय कारणास्तव'. मित्रांनो, या दोन शब्दांत काय काय लपते ते मला विचारा. कुणी फाईल घरी नेलेली असते, कुणी दोंडाईच्याला लग्नाला गेलेला असतो, कुणी पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर चहाची कपबशी ठेवलेली असते. मी उमटवलेली तारीख त्या कपबशीखाली महिना महिना पडून असायची, आणि मी शेजारी बसून जळफळायचो.

त्यातच एके दिवशी रुपचंदची फाईल आली.

रुपचंद साक्रीच्या पश्चिमेकडच्या जंगलात वनरक्षक होता. १९८५ च्या थंडीत सागाची चोरटी लाकडे भरलेली बैलगाडी त्याने एकट्याने अडवली. गाडीबरोबर तिघे होते. त्यांतल्या एकाने कुऱ्हाड चालवली आणि रुपचंदचा उजवा हात मनगटापासून गेला. सव्वा वर्ष खटला चालला. १८ फेब्रुवारी १९८७ ला तिघेही सुटले. कारण काय, तर जागेच्या पंचनाम्यावरची तारीख कुणीतरी खोडून तिथे दुसरी लिहिली होती. रुपचंदने तिघांनाही कोर्टात ओळखले होते, पण खोडलेल्या तारखेमुळे सगळ्या पुराव्यावरच संशय आला.

सरकारी खटला असल्यामुळे रुपचंदला स्वतःला अपील करता येत नव्हते. ते सरकारनेच करायचे. म्हणजे सरकारचे जंगल राखणारा माणूस आणि त्याच्यासाठी भांडायचे ते सरकारच. घरचेच काम. यात उशीर व्हायला नको, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

निकालाची नक्कल ९ मार्चला आली. मी ठसा मारला. हिशेबाने अपिलाची मुदत ८ जूनपर्यंत होती. खटला चालवणाऱ्या वकिलांनी फाईल अभिप्रायासाठी नेली ती २ एप्रिलला परत केली. 'अपील करावे' असा अभिप्राय होता. पण जखमेच्या दाखल्याची प्रत फाईलमध्ये नव्हती. पोलीस ठाण्याला पत्र गेले. त्यांचे उत्तर दाखल्यासह २७ एप्रिलला आले, पत्राच्या दोन प्रती. वरच्या प्रतीवर मी ठसा मारला. प्रमिलाबाईंनी वहीत नोंद केली आणि कागद हेडक्लार्क तोतारामनानांच्या टेबलावर ठेवला.

रुपचंद दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी साक्रीच्या एसटीने यायचा. हात गेल्यावर त्याला लाकडाच्या डेपोवर राखणीचे काम दिले होते. तिथून रजा काढून यायचा, प्रमिलाबाईंच्या टेबलापाशी उभा राहायचा आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारायचा, "मन्हा कागद गया का, ताई?"

मे महिन्यात प्रमिलाबाईंनी नानांकडे पाहिले. नाना चष्म्यावरून पाहत म्हणाले, "गेला, गेला. वर गेला."

"गेला हो भाऊ," प्रमिलाबाईंनी सांगितले.

जूनमध्येही तेच उत्तर मिळाले. रुपचंद समाधानाने परत गेला.

जुलैच्या वीस तारखेला तो आला तेव्हा म्हणाला, "आमना रेंजरसाहेबनी जावक नंबर मांगेल शे. तेवढा लिखी द्या."

प्रमिलाबाईंनी जावक वही उघडली. एप्रिलपासून पाने उलटली. मे पाहिला, जून पाहिला, मग पुन्हा एप्रिलवर आल्या. त्यांचा चेहरा उतरत चाललेला मी पाहिला. नोंदच नव्हती. कागद गेलाच नव्हता.

"नाना, ही फाईल कुठंय?"

"वर गेली म्हणालो ना."

"जावक नंबर नाही तिला."

मग शोधाशोध सुरू झाली. टेबलांचे खण झाले, कपाटे झाली. शेवटी निंबा स्टुलावर चढला आणि कपाटावरून कापडाच्या रुमालात बांधलेला एक गठ्ठा त्याने खाली काढला. वर चिठ्ठी होती, 'निकाली, १९८७'. म्हणजे काम संपलेल्या फायली. त्यात वरून चौथी फाईल रुपचंदची होती.

झाले होते ते असे. फाईलच्या वेष्टनावर लाल शाईने 'निर्दोष मुक्त' लिहिलेले होते. नानांनी ते वाचले, आरोपी सुटले म्हणजे प्रकरण मिटले असे धरले आणि पोलिसांच्या उत्तरासकट फाईल गठ्ठ्यात बांधून टाकली. चौऱ्याऐंशी दिवस ती कपाटावर होती, आणि मुदत टळून बेचाळीस दिवस झाले होते.

रुपचंदने त्या गठ्ठ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मी सरकारनं जंगल राखं, ताई. सरकारले मन्हा एक कागद राखता उना नही." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

मला हात असते तर मी त्या दिवशी कपाळ बडवून घेतले असते. चौऱ्याऐंशी दिवस! रोज सकाळी मी नवी तारीख घेऊन उभा राहत होतो, आणि माझ्यापासून सहा हातांवर तो गठ्ठा धूळ खात पडला होता!

साहेब त्या दिवशी कोर्टात गुंतले होते. त्यांच्या कानावर घातल्याशिवाय रुपचंदला परत जायचे नव्हते. तो धुळ्यातच देवपूरला बहिणीकडे मुक्कामाला राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाकावर येऊन बसला.

दुपारच्या सुटीत प्रमिलाबाई डबा खायला आतल्या खोलीत गेल्या. तोतारामनाना इकडे तिकडे पाहत त्यांच्या टेबलाशी आले. त्यांनी मला उचलले. नाना वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते घाबरले होते. त्यांनी माझे पट्टे फिरवले. दिवस सतरा, महिना जुलै. मग पोलिसांच्या पत्राची जी दुसरी प्रत ठशाविना राहिली होती, तिच्या कोपऱ्यावर मला दाबले.

तो दिवस एकवीस जुलैचा होता. मी सतरा जुलै म्हणालो. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच खोटा ठसा.

प्रमिलाबाई परत आल्या तेव्हा नाना त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, पोलिसांचं पत्र आपल्याला सतरा जुलैला मिळालं. तोवर आपण वाटच पाहत होतो. एप्रिलच्या नोंदीपुढे 'अपूर्ण म्हणून परत' असं लिहा आणि सतराच्या पानावर ही नवी नोंद घ्या. म्हणजे उशीर आपला नाही."

"सतराचं पान मी रेघ मारून बंद केलंय, नाना."

"रेघेच्या वर बोटभर जागा आहे. बारीक अक्षरात मावेल."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? अहो, 'गठ्ठ्यात बांधून ठेवली' असं लिहिलं तर वरचं कोर्ट माफी देईल का? अपील दारातच परत येईल. माझी पेन्शन सोडा, त्या रुपचंदचं काय होईल ते सांगा!"

मित्रांनो, या प्रश्नावर प्रमिलाबाई अडल्या. त्यांनी पेन उचलले. टोपण काढले. मला दिसत होते, त्यांचे डोळे रेघेवरच्या त्या बोटभर जागेवर होते. खोटे लिहिले तर अपील वाचेल, खरे लिहिले तर कदाचित बुडेल. आणि न पाहता 'गेला हो भाऊ' म्हणणाऱ्या त्याही होत्याच. वही त्यांच्याच ताब्यात होती. एकदा जरी पाहिली असती तर मे महिन्यातच सारे कळले असते.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नाना, पंचनामानी तारीख खोडेल व्हती म्हणीसनच त्या सुटनात." रुपचंद केव्हाचा उंबऱ्याशी उभा होता. "आते तुम्ही बी तारीखच खोडतस का?"

नाना उसळले. "अरे, तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे!"

"मन्हा भलासाठे नका खोडा. एकदाव खोडी ते मन्हा बठ्ठा खटला गया. दुसरांदाव सापडनी ते मी कोनले तोंड दखाडू? काय व्हयनं ते सांगा. माफी भेटनी ते भेटनी, नही ते नही."

प्रमिलाबाईंनी टोपण लावले.

चारच्या सुमारास साहेब कोर्टातून आले. प्रमिलाबाई फाईल, दोन्ही वह्या आणि तो खोटा ठसा असलेली प्रत घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. घाईत मीही त्यांच्या मुठीत राहिलो, म्हणून मला सगळे ऐकायला मिळाले. त्यांनी काहीही राखून ठेवले नाही. गठ्ठा सांगितला, ठसा सांगितला, आणि शेवटी, "साहेब, वही न बघता मीच त्यांना दोनदा गेला म्हणून सांगितलं," हेही सांगितले.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तुम्ही लोक मला वेड लावणार आहात! आपलाच माणूस, आपलंच अपील, आणि आपणच बांधून ठेवतो? औरंगाबादला हायकोर्टात न्यायमूर्तींनी विचारलं, की इतके दिवस फाईल कुठे होती, तर आपल्या वकिलानं काय सांगायचं? कपाटावर?"

"हो साहेब. कपाटावर होती असंच सांगायचं."

साहेबांनी फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही कोण करणार? खरं लिहायला सगळे तयार असतात, बाई. सही करायला कुणी नसतं."

बाहेर नाना टेबलावर डोके धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी आले होते. प्रमिलाबाई पिशवी अडकवत होत्या तेवढ्यात म्हणाले, "सही मी करतो."

प्रमिलाबाई पिशवी हातातच घेऊन वळल्या.

"बत्तीस वर्षं लोकांच्या उशिराची कारणं मीच लिहून दिली," नाना म्हणाले. "प्रशासकीय कारणास्तव. काल घरी बसून खरं कारण लिहायला घेतलं तर दोन तास पहिलं वाक्य सुचेना. मग लिहिलं, गठ्ठा मी बांधला. पुढचं आपोआप आलं."

प्रमिलाबाईंनी त्या खोट्या ठशावर आडवी रेघ ओढली, शेजारी 'चुकीचा ठसा, रद्द' असे लिहून सही केली आणि ती प्रत फाडून न टाकता फाईलमध्येच लावली. मग टाचणी काढून माझा पट्टा बावीस जुलैवर आणला. खरे सांगतो, इतके हलके मला कधी वाटले नव्हते.

आता मात्र कागद पळायला लागले. फाईल वर गेली, मंजुरी आली, आणि ४ सप्टेंबरला औरंगाबादेत अपील दाखल झाले. उशीर अठ्ठ्याऐंशी दिवसांचा. सोबतच्या अर्जात एकेका तारखेचा जाब होता, नसलेल्या दाखल्याचाही आणि गठ्ठ्याचाही. नानांचे प्रतिज्ञापत्र तीन पानांचे होते.

नोव्हेंबरात त्या अर्जाची सुनावणी झाली. नाना एसटीने औरंगाबादला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. सगळी कचेरी त्यांच्या टेबलाभोवती जमली. त्यांनी जे सांगितले ते असे.

न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र वाचले आणि विचारले, "हे तोताराम कोण? आलेत का?" नाना मागच्या बाकावरून उठून उभे राहिले.

"गठ्ठा तुम्ही बांधलात?"

"होय साहेब."

"का?"

"वर निर्दोष मुक्त लिहिलेलं होतं. संपलं असं वाटलं."

"ज्याचा हात गेला त्याचंही संपलं असं वाटलं तुम्हाला?"

आरोपींचे वकील उठून म्हणाले की सरकार झाले म्हणून वाटेल तेव्हा येता येत नाही, निष्काळजीपणाला माफी नसते. न्यायमूर्ती म्हणाले की मुद्दा बरोबर आहे आणि सरकारी कचेऱ्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा. पण इथे कोणी काही दडवलेले नाही, आणि कारकुनाच्या चुकीची शिक्षा जखमी माणसाला देता येणार नाही. उशीर माफ झाला. अपील दाखल करून घेतले गेले.

"आणि तुमचं काय, नाना?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"माफी उशिराला मिळाली, मला नाही," नाना म्हणाले. खरेच होते ते. त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. प्रमिलाबाईंना लेखी ताकीद मिळाली. तरी पुढच्या वर्षी निवृत्त होताना नाना हसतमुखाने गेले.

माझे म्हणाल, तर वर्षे भराभर सरली. १९९१ च्या शेवटच्या दिवशी प्रमिलाबाईंनी वर्षाचा पट्टा पुढे ढकलून पाहिला. पुढे आकडाच नव्हता. नव्या वर्षी प्लॅस्टिकचा चकचकीत शिक्का आला. निंबा मला कचऱ्याच्या टोपलीत टाकणार होता, पण बाईंनी मला त्याच्या हातातून घेतले आणि टेबलावर ठेवून घेतले, कागद उडू नयेत म्हणून. कुणी कुणी माझ्या मुठीने सुपारी फोडली. कुणी टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला मला खाली सरकवले.

अपिलाचा नंबर मात्र सात वर्षे लागला नाही. अठ्ठ्याऐंशी दिवसांची माफी मागायला सरकारला तीन पाने लागली. या सात वर्षांची माफी कोणी कोणाकडे मागायची, ते मला अजून उमगलेले नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या हातात कुणाचा कागद आला, चिठ्ठी आली, निरोप आला, तर तो त्याच दिवशी पुढे द्या. 'दिला' असे सांगण्याआधी खरोखर दिला का ते डोळ्यांनी पाहा. आणि विसरलात, तर 'मी विसरलो' एवढे सरळ म्हणा. तारीख बदलू नका. आम्हा शिक्क्यांना जपायचे असेल तर तेवढेच जपा. आमची मूठ पुसली नाहीत तरी चालेल.

१९९५ च्या मार्चमध्ये निकाल आला. तिघांपैकी एक मधल्या काळात वारला होता. उरलेल्या दोघांना पाच पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालाची प्रत घ्यायला रुपचंद आला, सोबत त्याची बायको बेबाबाई होती. त्याचे केस पांढरे झाले होते. प्रमिलाबाईंनी, आता त्याच हेडक्लार्क होत्या, प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि पोचवहीत सही कुठे करायची ते बोटाने दाखवले.

"अंगठा लावू का?" बेबाबाईंनी हळूच विचारले.

"नही. सही करस मी," रुपचंद म्हणाला.

त्याने डाव्या हातात पेन धरले. वही सरकू नये म्हणून प्रमिलाबाईंनी तिच्यावर मला ठेवले. त्याने 'रु' काढला, थांबला, पेन नीट धरले, मग 'प' काढला. मागे चार माणसांची रांग होती. साहेबांची घंटा दोनदा वाजली. प्रमिलाबाई जागच्या हलल्या नाहीत. रुपचंदने शेवटचे अक्षर काढून त्याखाली रेघ ओढली तोवर पाच मिनिटे गेली असतील, आणि त्या कचेरीत पहिल्यांदाच एवढ्या उशिराबद्दल कुणीही कुणाला कारण विचारले नाही.